पक्का परवाना: गिरीपेठेतील चाचणी आणि धरमपेठेतील तयारी

मोटार वाहन चालविण्याचा परवाना म्हणजे वाहनाच्या मालकीचा किंवा वय पूर्ण झाल्याचा दाखला नव्हे. तो सक्षमतेचा दाखला आहे, आणि १ जुलै १९८९ पासून अमलात असलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ या कायद्याने ही सक्षमता दोन टप्प्यांत तपासण्याची व्यवस्था घालून दिली आहे. पहिल्या टप्प्यात वाहतुकीची चिन्हे आणि रस्त्याचे नियम यांचे ज्ञान तपासून शिकाऊ परवाना दिला जातो. दुसऱ्या टप्प्यात उमेदवार प्रत्यक्ष वाहन कसे चालवतो हे मोटार वाहन निरीक्षक पाहतो आणि त्याचे समाधान झाले तर, ज्याला सर्वजण ‘पक्का परवाना’ किंवा नुसते ‘पक्कं लायसन’ म्हणतात, तो मिळतो. या दुसऱ्या टप्प्यात काय तपासायचे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १५ मध्ये तपशिलाने सांगितले आहे. मात्र चाचणीला जाणाऱ्या बहुतेक उमेदवारांनी हा नियम कधी वाचलेला नसतो आणि त्यांच्या मनात चाचणी म्हणजे पाय न टेकता ‘आठ काढणे’ एवढीच कल्पना असते. कायद्याला अभिप्रेत असलेली परीक्षा आणि लोकांच्या मनातील परीक्षा यांच्यात पडलेले हे अंतर गंभीर आहे, कारण उमेदवार ज्या परीक्षेची कल्पना करतो तिचीच तयारी करतो आणि उरलेले सारे रस्त्यावर, इतरांच्या जिवावर शिकतो.

नागपूरच्या धरमपेठेतील रहिवाशांना ही दोन्ही अंगे जवळून पाहता येतात. शहराचे प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले आरटीओ, धरमपेठेला लागून असलेल्या गिरीपेठेत आहे आणि तेथे नोंदल्या जाणाऱ्या वाहनांवर एमएच ३१ हा संकेत येतो. शहराच्या पूर्व भागासाठी एमएच ४९ आणि ग्रामीण भागासाठी एमएच ४० अशी वेगळी कार्यालये आहेत. स्वतः धरमपेठेत, तिच्या आसपासच्या गोकुळपेठ, रामनगर, शंकरनगर या वस्त्यांसह, शिकणाऱ्याला लागणारा जवळजवळ प्रत्येक प्रकारचा रस्ता सापडतो. ले-आउटमधील शांत गल्ल्या आहेत, सिग्नल नसलेले आतले चौक आहेत, दुकानांसमोर आडव्यातिडव्या लागलेल्या गाड्यांनी अरुंद झालेला बाजाररस्ता आहे, लॉ कॉलेज चौकासारखा सिग्नलचा मोठा चौक आहे आणि जड वाहतुकीचा अमरावती मार्गही आहे. मुलांना खेळता खेळता वाहतुकीची चिन्हे आणि सिग्नल समजावेत म्हणून उभारलेले ट्रॅफिक पार्कही याच वस्तीत आहे, आणि तेथे लहानपणी छोट्या रस्त्यांवर धावलेली अनेक मुले पुढे शिकाऊ परवान्याच्या वयाची होऊन शिकवणी वर्गांच्या दाराशी मोपेड लावताना दिसतात.

वयाचा प्रश्न येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अकरावी-बारावीतील मुले आणि त्यांचे पालक यांच्यात याविषयी मोठा गैरसमज आहे. वयाच्या १६ व्या वर्षी परवाना मिळतो हे खरे असले, तरी तो फक्त बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी मिळतो. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरची घन सेंटिमीटरमध्ये मोजलेली क्षमता. आज रस्त्यावर सर्वत्र दिसणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात, त्यामुळे त्या चालविण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असणेच लागते, आणि १६ व्या वर्षीचा परवाना खिशात ठेवून अशी स्कूटर चालविणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच असतो. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात घातलेल्या कलम १९९-क नुसार अल्पवयीनाने असा गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळू शकत नाही. शिकवणीची वेळ गाठण्याची सोय म्हणून हाती दिलेली किल्ली मुलाचा पुढील कित्येक वर्षांचा परवाना हिरावून घेऊ शकते, हे घरोघरी कळलेले नाही.

शिकाऊ परवान्याचा टप्पा आता पूर्वीइतका कष्टाचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीवर अर्ज भरून शुल्कही तेथेच भरता येते, आणि १४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साहाय्याने ओळख पटवून ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. परीक्षेत १५ प्रश्न येतात व त्यांपैकी किमान ९ बरोबर यावे लागतात. चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम यांबरोबरच अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक-रक्षक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवरील दक्षता आणि वाहनासोबत बाळगायची कागदपत्रे हे विषयही नियम ११ मध्ये सांगितलेले आहेत. घरबसल्या परीक्षेमुळे हेलपाटे वाचले ही चांगलीच गोष्ट आहे, तथापि शेजारी बसलेल्या कोणाच्या सांगण्यावरून उत्तरे निवडण्याचा मोह तेथे असतो, आणि त्या मोहाला बळी पडलेला उमेदवार पहिल्याच चौकात अशा चिन्हासमोर उभा राहतो ज्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो.

चाचणीची तारीख घेणे हे वरवर पाहता यांत्रिक काम वाटते, परंतु त्यामागे दिवसांचा एक हिशेब आहे आणि तो न कळल्यामुळे अनेकांना सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. शिकाऊ परवाना ६ महिने वैध असतो. तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. नापास झाल्यास पुन्हा चाचणी देण्यासाठी किमान ७ दिवस थांबावे लागते. आणि तीनदा नापास झालेल्या उमेदवाराला शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस पुन्हा बसता येत नाही. समजा, शिकाऊ परवाना १ जूनला मिळाला, तर चाचणीचे दार जुलैच्या आरंभी उघडते आणि नोव्हेंबरच्या अखेरीस बंद होते. जुलैत चाचणी देणारा उमेदवार दुर्दैवाने त्याच महिन्यात तीनदा अडखळला, तरी ६० दिवसांची सक्ती संपून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात त्याला पुन्हा संधी उरते. याउलट ‘अजून वेळ आहे’ म्हणत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलेल्याला तीन अपयशांनंतर डिसेंबर-जानेवारीची वाट पाहावी लागते, तोवर शिकाऊ परवाना संपलेला असतो आणि त्याला पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. म्हणून शिकाऊ परवाना हाती येताच सराव सुरू करणे आणि ३० दिवस पूर्ण झाल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांतील तारीख पक्की करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

तारीख ‘सारथी’वरच घ्यायची असते. अर्ज क्रमांक किंवा शिकाऊ परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख दिल्यावर दिनदर्शिका उघडते आणि कोणत्या दिवशी जागा शिल्लक आहे ते तेथे दिसते. या जागेला सर्वत्र ‘स्लॉट’ म्हणतात. दररोजच्या जागा ठरलेल्या असल्याने शाळा-महाविद्यालयांच्या सुट्टीत त्या लवकर भरतात. नागपूरच्या मे महिन्याचे ऊन लक्षात घेता, सुट्टी आहे म्हणून भर दुपारची वेळ निवडून तापलेल्या ट्रॅकवर रांगेत ताटकळण्यापेक्षा शक्य असेल तर सकाळची वेळ घ्यावी किंवा तारीखच पावसाळ्यावर ढकलावी. चाचणीचे ठिकाण, वेळ आणि आणावयाची कागदपत्रे पावतीवर छापलेली असतात आणि ती ओळ न वाचता निघालेले उमेदवार चुकीच्या दारात उभे राहतात. केंद्रीय नियमांतील तक्त्यानुसार चाचणीचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी ३०० रुपये आणि परवाना देण्याचे शुल्क २०० रुपये आहे.

वाहनप्रकार हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खासगी वापरासाठी साधारणतः तीन प्रकार विचारात येतात: बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलके मोटार वाहन, ज्यात घरगुती मोटारी येतात. उमेदवाराने ज्या प्रकारच्या वाहनावर चाचणी दिली त्याच प्रकाराची नोंद परवान्यावर होते, म्हणून स्कूटरवर आठ काढून आलेल्याला त्या परवान्यावर मोटारसायकल चालविता येत नाही. घरात स्कूटरच आहे म्हणून केवळ तिचाच परवाना काढणाऱ्या तरुणाने आपण पुढे काय चालविणार याचा आधी विचार केला तर दुसरा फेरा वाचतो.

वाहन उमेदवारानेच न्यायचे असते आणि या साध्या गोष्टीत एक नियम दडलेला आहे. नियम ३ नुसार शिकाऊ परवानाधारकाला वाहन चालविताना सोबत पक्का परवाना असलेली आणि वाहनावर नियंत्रण ठेवू शकेल किंवा ते थांबवू शकेल अशा जागी बसलेली व्यक्ती असणे बंधनकारक आहे. वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पृष्ठभागावर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर असलेली पाटी लागते, जिची बाजू १८ सेंटिमीटरपेक्षा आणि अक्षराची उंची १० सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. आणि दुचाकीवर त्या मार्गदर्शकाखेरीज अन्य कोणालाही मागे बसवता येत नाही. म्हणजे धरमपेठेहून गिरीपेठेपर्यंतचे अंतर कितीही थोडे असले, तरी एकट्याने स्कूटर चालवत चाचणीला पोहोचणारा उमेदवार परीक्षेआधीच नियम मोडून आलेला असतो. वाहनाची नोंदणी, चालू विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण पीयूसी म्हणतात, ही कागदपत्रे आदल्या दिवशीच तपासून ठेवावीत. ब्रेक, इंडिकेटर, ब्रेक लावल्यावर पेटणारा मागचा दिवा आणि आरसे हेही पाहून घ्यावेत. स्कूटरचे आरसे काढून ठेवण्याची जी पद्धत तरुणांत दिसते ती चाचणीतही आणि रस्त्यावरही अंगलट येते.

आता नियम १५ कडे वळता येईल, आणि या नियमाकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल, कारण चालकाकडून समाजाची काय अपेक्षा आहे हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे लिखाण क्वचितच सापडते. त्यात वीसहून अधिक कौशल्ये सांगितली आहेत. मागचे दिसणारा आरसा आधी जुळवून घेणे, निघण्यापूर्वी योग्य ती खबरदारी घेणे, सर्व गिअर क्रमाने बदलत झटके न देता वरच्या गिअरपर्यंत जाणे आणि गरजेप्रमाणे चटकन खाली येणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, मर्यादित जागेत मागे घेत वाहन आत घालणे, पुढे-मागे करून वाहनाचे तोंड उलट दिशेला वळवणे ही कौशल्ये वाहनावरच्या ताब्याची आहेत. नियमाचा मोठा भाग मात्र वेगळ्याच गोष्टी मागतो. सिग्नल वा पोलीस नसलेल्या पादचारी पट्ट्यावर रस्ता ओलांडणाऱ्याला आधी जाऊ देणे, वळण्याचा इशारा करण्यापूर्वी आरशात पाहणे, चौकात शिरताना वेग आवरून उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहणे, पादचारी, सायकलस्वार आणि अन्य चालक पुढच्या क्षणी काय करतील याचा अंदाज बांधणे, लक्ष विचलित होऊ न देणे आणि रस्त्यावरील इतरांशी सौजन्याने वागणे या साऱ्या गोष्टी त्याच नियमात, त्याच वजनाने लिहिलेल्या आहेत. सौजन्य हा परीक्षेचा विषय असू शकतो ही कल्पना रस्त्यावरच्या आजच्या व्यवहारात अनोळखी वाटेल, पण ती कायद्यात तीन दशकांहून अधिक काळ आहे.

आखीव ट्रॅकवर यांतील किती गोष्टी तपासल्या जाऊ शकतात, हा खरा प्रश्न आहे. ट्रॅकवर पादचारी नसतात, समोरून अचानक वळणारा ऑटोरिक्षा नसतो, रस्त्याच्या कडेला उभ्या मोटारीचे दार उघडत नाही. पुण्याजवळ भोसरी येथील वाहनचालक प्रशिक्षण व संशोधन संस्थेत मोटारींच्या चाचणीसाठी इंग्रजी आठ, एच आणि एस या आकारांचे वळणमार्ग आणि चढ असलेला ट्रॅक आहे. अशा ठिकाणी वाहन रेषेवर गेले की नाही याची नोंद यंत्र घेते आणि निरीक्षकाच्या मर्जीला वाव कमी राहतो, हा त्याचा निर्विवाद लाभ आहे. परंतु यंत्र वाहनाची वाट मोजते. वळताना चालकाची नजर सायकलवरच्या शाळकरी मुलीकडे गेली होती की नाही, हे त्याला मोजता येत नाही. म्हणून ट्रॅकचा सराव आवश्यक असला तरी अपुरा आहे, आणि उरलेला भाग उमेदवाराने आपल्या वस्तीतल्या रस्त्यांवर, मार्गदर्शकासोबत स्वतःच घडवायचा असतो.

तरीही आठच्या आकड्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण तो मंद वेगावरील ताब्याची उत्तम कसोटी आहे. दुचाकी वेगात असताना आपोआप सावरलेली राहते. वेग कमी झाला की तोल राखण्याचे काम चालकाच्या हातापायांवर आणि नजरेवर येते. नवशिक्याची दृष्टी पुढच्या चाकाशी किंवा जमिनीवरच्या रेषेशी खिळलेली असते आणि दुचाकी नेमकी तिकडेच झुकते. मान वळवून, जिथे जायचे त्या वळणाच्या पुढच्या टोकाकडे पाहिले की हँडल आपसूक तेवढेच वळते. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुढचा ब्रेक दाबला तर वळलेल्या चाकावर वजन येऊन दुचाकी आडवी होऊ पाहते, म्हणून थोडा, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर कायम ठेवून केवळ मागच्या ब्रेकने वेग आवरावा. गिअरच्या दुचाकीवर याच वेळी क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो. क्लच म्हणजे इंजिनाची शक्ती चाकाला जोडणारा आणि तोडणारा भाग, आणि तो पूर्ण सुटलाही नाही आणि पूर्ण दाबलाही नाही अशी जी अवस्था असते तिला सर्व शिकविणारे ‘हाफ क्लच’ म्हणतात. ही अवस्था पायाला किंवा बोटांना कळली की वाहन चालण्याच्या वेगानेही नेता येते. दोन विटा ठेवून मोकळ्या मैदानात सकाळी हा सराव करता येतो. आधी आकडा मोठा ठेवावा आणि तो रोज थोडा लहान करीत न्यावा, डाव्या वळणाइतकाच उजव्या वळणाचा सराव करावा, कारण बहुतेकांचे एक वळण दुसऱ्यापेक्षा कच्चे असते.

मोटारीसाठी हाफ क्लचची खरी परीक्षा चढावर होते. नागपूर बहुतांशी सपाट असल्याने शिकणाऱ्यांचा चढाचा सराव राहून जातो, मात्र धरमपेठेपासून जवळच सेमिनरी हिल्सचे चढ आहेत. तेथे रहदारी नसताना मोटार थांबवून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून क्लच इतका वर आणावा की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि मोटारीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटते. त्या क्षणी थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडला की मोटार एक बोटही मागे न जाता पुढे निघते. ज्याला हे जमते तो मागच्या दुचाकीस्वाराला धोका न देता कोणत्याही उड्डाणपुलावरच्या कोंडीत उभा राहू शकतो.

मोटार प्रशिक्षण शाळेची निवड हा या तयारीतील मोठा निर्णय आहे. नियम ३१ नुसार खासगी हलक्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे किमान १० तासांचे असावे लागते, म्हणजे सरासरीने दररोज अर्धा तास सुकाणू शिकणाऱ्याच्या हाती असायला हवे. एकाच मोटारीत तीन-चार जण बसवून आळीपाळीने शिकविले जाते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येतात, हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे. शाळेच्या मोटारीत शिक्षकाच्या पायाशीही वेगळे ब्रेक-क्लच असतात, ज्याला ‘ड्युअल कंट्रोल’ म्हणतात. सुरक्षिततेसाठी ती सोय अनिवार्य आहे, पण शिकविणारा स्वतःच क्लच सांभाळत राहिला तर शिकणाऱ्याला आपण तरबेज झालो असा भास होतो आणि चाचणीत मोटार बंद पडते. शेवटच्या काही दिवसांत शिक्षकाने पाय बाजूला ठेवावेत, असा आग्रह शिकणाऱ्याने धरावा.

येथे एक गैरसमज दूर करणे जरुरीचे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र’ ही नवी श्रेणी निर्माण केली, जिथे हलक्या वाहनाचे ४ आठवड्यांचे आणि २९ तासांचे प्रशिक्षण पूर्ण करून तेथील परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतील चाचणीतून सूट मिळते. अशा केंद्राला मोठी जागा, ट्रॅक आणि आभासी चालनाचे यंत्र यांची अट आहे. गल्लीतील सर्वसाधारण मोटार प्रशिक्षण शाळेला ही सवलत नाही. २०२४ च्या मध्यात ‘आता आरटीओत चाचणी नाही’ अशा बातम्या पसरल्या तेव्हा केंद्रीय मंत्रालयाला नियमांत नवा बदल झालेला नसल्याचा खुलासा करावा लागला.

आणखी एका सवलतीचे आमिष उमेदवारासमोर असते. ती म्हणजे दलाल. अर्ज भरून देण्यास मदत घेणे वेगळे आणि चाचणीच टाळून परवाना मिळविणे वेगळे. दुसऱ्या मार्गाने काय घडते याचा शास्त्रशुद्ध अभ्यास भारतातच झालेला आहे. मारियान बर्ट्रांड, सिमियन जँकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या ८२२ व्यक्तींचा मागोवा घेतला आणि त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला लवकर परवाना मिळविल्यास बक्षीस देऊ केले होते, दुसऱ्या गटाला विनामूल्य प्रशिक्षण दिले होते आणि तिसऱ्या गटाला काहीही दिले नव्हते. नंतर परवाना मिळालेल्यांची अचानक, स्वतंत्र चाचणी घेण्यात आली. बक्षिसाच्या गटातील अधिक लोकांना आणि लवकर परवाना मिळाला, पण चाचणी न देता परवाना घेतलेले आणि वाहन नीट चालवू न शकणारेही त्यांच्यातच अधिक निघाले. प्रशिक्षण घेतलेल्यांचे वाहन चालविणे स्पष्टपणे सरस होते. अभ्यासकांना असेही आढळले की नोकरशाहीकडून होणारा मनस्तापच लोकांना दलालाकडे ढकलतो. म्हणून दलालांविरुद्ध मोहीम काढण्याइतकेच महत्त्व सरळ मार्ग सोपा करण्याला आहे, आणि तारीख घरून घेता येणे हे त्या दिशेने पडलेले ठोस पाऊल आहे.

ही चाचणी जगात सर्वत्र आरंभापासून होती असे नाही. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आला तो केवळ पैसे भरून मिळणारा होता, आणि अपघाती मृत्यूंच्या वाढत्या संख्येनंतर १९३५ मध्ये तेथे चाचणी सक्तीची झाली. भारतात मोटारींसाठीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि सध्याचा १९८८ चा आहे. त्यातील मोठी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली, जेव्हा नागपूरचेच खासदार नितीन गडकरी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री होते. विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड त्या दुरुस्तीने ५,००० रुपयांवर नेला. या कठोरपणाचे कारण आकड्यांत आहे: केंद्रीय मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरील माणसांचा होता.

म्हणूनच धरमपेठेतील रस्त्यांवरचा सराव टप्प्याटप्प्याने वाढवणे हिताचे असते. पहिले काही दिवस रामनगर किंवा भरतनगरच्या आतल्या रस्त्यांवर सकाळी लवकर, रहदारी सुरू होण्याआधी जावे आणि सिग्नल नसलेल्या प्रत्येक चौकात, कोणी येत नसले तरी, वेग कमी करून उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी; सवय रिकाम्या चौकात लागली तरच ती भरलेल्या चौकात टिकते. त्यानंतर उत्तर अंबाझरी मार्गावर यावे. या मार्गावरून जानेवारी २०२० पासून मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका धावते आणि तिचे खांब रस्त्याच्या मध्यभागी असल्याने, दोन खांबांच्या मधून रस्ता ओलांडणारा पादचारी किंवा वळून येणारी दुचाकी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मेट्रो स्थानकांच्या पायऱ्यांजवळ आणि महाविद्यालयांच्या फाटकांशी तर खांबाआडून कोणीतरी येणारच असे धरून वाहन चालवावे. नियम १५ ज्याला इतरांच्या हालचालींचा पूर्वअंदाज म्हणतो तो इथे शिकता येतो. गोकुळपेठेच्या बाजाराजवळ संध्याकाळी, भाजीच्या पिशव्या घेऊन रस्त्यात उतरणाऱ्या माणसांमधून, हॉर्न न वाजवता पहिल्या-दुसऱ्या गिअरवर मोटार नेता आली की क्लचचा आणि संयमाचा अभ्यास एकदमच होतो. अमरावती मार्गावरील रविनगर चौकासारख्या मोठ्या चौकांत सर्वांत शेवटी जावे, आणि तेथे मार्गिका बदलण्याचा क्रम पक्का करावा: आधी आरसा, मग इशारा, मग मान किंचित वळवून आरशात न दिसणारा कोपरा आणि शेवटी हँडल किंवा सुकाणू.

हाताने करावयाचे इशारेही विसरू नयेत, कारण इंडिकेटर असले तरी निरीक्षक ते विचारू शकतो. उजवीकडे वळण्यासाठी उजवा हात सरळ बाहेर काढून धरणे, डावीकडे वळण्यासाठी तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणे, वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वर-खाली करणे आणि थांबताना कोपरापासून हात उभा धरणे हे चार इशारे पुरेसे आहेत.

चाचणीच्या दिवशी नवे काही करू नये. सराव केलेलेच वाहन न्यावे, दुचाकीसाठी हेल्मेट घालून त्याचा पट्टा बांधलेला असावा, मोटारीत बसताच आसन, आरसे आणि सीटबेल्ट याच क्रमाने जुळवावेत आणि निरीक्षकाची सूचना पूर्ण ऐकूनच निघावे. सूचना कळली नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. मोटार बंद पडली तर घाईने किल्ली फिरवण्याऐवजी ब्रेक धरून, गिअर मोकळा करून, पुन्हा शांतपणे सुरू करावी. वयाची चाळिशी ओलांडलेल्या उमेदवाराला नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र अर्जासोबत लागते; घरातील मुले परगावी गेल्यामुळे आता स्वतः मोटार शिकू पाहणाऱ्या अनेक मध्यमवयीन स्त्रियांनी हे आधीच काढून ठेवावे. त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते: उशिरा शिकणाऱ्याला हातपाय जुळवायला चार दिवस जास्त लागतात, पण नियम १५ जी सावधगिरी आणि सौजन्य मागतो ती त्यांच्याकडे बहुधा आधीपासूनच असते, आणि योग्य शिक्षक मिळाल्यास त्या उत्तम चालक होतात.

उत्तीर्ण झालेल्याचा परवाना नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो, म्हणून अर्जातील पत्ता अचूक असणे महत्त्वाचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० वर्षांखालील व्यक्तीचा परवाना वयाच्या ४० वर्षांपर्यंत वैध राहतो; ३० ते ५० या वयात काढलेला १० वर्षे, ५० ते ५५ या वयात काढलेला ६० व्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे काढलेला ५ वर्षे टिकतो. याचा अर्थ असा की १८ व्या वर्षी गिरीपेठेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या तरुणाला पुढची २२ वर्षे कोणीही पुन्हा वाहन चालवून दाखव असे म्हणणार नाही. मुदत संपण्याआधी किंवा संपल्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास नूतनीकरण चाचणीविना होते. एक वर्ष उलटून गेले तर मात्र चाळिशीतल्या त्या चालकाला पुन्हा निरीक्षकासमोर जाऊन सक्षमतेची चाचणी द्यावी लागते.